नववी ओळ

साखरी नाटे इथल्या मच्छीमार सोसायटीत
एकच खिडकी, तिच्यातून खाडी दिसते,
आणि एकच संगणक, त्याच्या माथ्यावर
बर्फाच्या कारखान्याचं कॅलेंडर.
बंदी उठायला चार दिवस.
प्रत्येक बोटीची खलाशांची यादी भरायची,
मगच डिझेलचा कोटा.

प्रोग्रॅम माझा. नियमही माझेच:
नाव हवंच. वय अठराच्या खाली चालणार नाही.
कार्डाचे आकडे बारा, ना कमी ना जास्त.
एकच नाव एका यादीत दोनदा नको.
रत्नागिरीच्या खोलीत, पंख्याखाली बसून
हे सगळं मला निर्विवाद वाटलं होतं.

शमशाद सोलकर टाइप करायला बसल्या.
मुबारकचा ‘मु’ लिहिला, की चौकट लाल:
नाव किमान तीन अक्षरी असावे.
‘बा’ लिहिला. लालच.
त्या थांबल्या, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.
"बाबा, घास तोंडात तरी जाऊ दे,
मग सांग मीठ कमी आहे ते."

मी मान खाली घालून नियम हलवला.
आता ओळ सोडून पुढे गेल्याशिवाय
यादी कुणावर डाफरत नाही.

मग आले मनबहादुर थापा.
मग पुन्हा मनबहादुर थापा.
एक बर्दियाचा, एक कैलालीचा,
दोघेही दाराबाहेर चपला काढून उभे,
दोघांचीही जन्मतारीख एक जानेवारी.
हे नाव यादीत आधीच आहे, पडदा म्हणाला.
धाकटा हसला. बोटीवर सगळे त्याला
‘दुसरा’ म्हणतात, त्याला सवय होती.
मी तो नियम पुसला.
दुसऱ्याला आत बोलावून खुर्ची दिली,
तो बसला नाही.

आठ माणसं, आठ ओळी, आठही स्वच्छ.
तरी यादी जतन होईना.
आठवीच्या खाली एक कोरी ओळ
आणि तिच्या कडेला लाल उद्गारचिन्ह.
मला माहीत होतं ते काय आहे:
पुढच्या नोंदीसाठी तक्ता स्वतःच
एक जागा रिकामी ठेवतो,
आणि माझी तपासणी, आंधळी,
तिलाही नाव विचारत होती.
एका अटीची चूक. पाच मिनिटांचं काम.

पण कासम तांडेल टेबलाशी वाकला होता.
त्याला वाचता येत नाही; लाल समजतं.
त्यानं काचेवर बोट ठेवलं, नवव्या ओळीवर,
नखात जाळ्याचा निळा धागा अडकलेला,
आणि हळूच विचारलं,
"कोन ऱ्हायला?"

मी घाईघाईनं सांगू लागलो, कुणी नाही चाचा,
ती ओळ अशीच असते, रिकामी,
पण तो माझ्याकडे बघत नव्हता.

शमशादबाईंनी नंतर सांगितलं, चहा गाळताना.
वारा फिरला की हा माणूस
अंधारात डोकी मोजतो.
तो हाक मारणार, ज्यानं त्यानं
आपला आकडा ओरडायचा.
एका वर्षी सातापर्यंतच आवाज आले.
"मग?"
"मग काय. पुन्हा मोजलं.
उजाडेपर्यंत मोजत होता."
आणि साखर किती, असं विचारलं.

मी अट लिहिली:
ओळ कोरी असेल तर सोडून दे.
‘सोडून’ या शब्दावर हात जरा अडला.
मग लाल गेलं, यादी जतन झाली,
छपाईयंत्र कण्हत कण्हत चाललं.

कासमनं कागद घेतला, उलटा धरला,
घडी करून बनियनच्या आत ठेवला.
बाहेर पायरीवर माणसं उभी होती.
तो बोट दाखवत गेला, ओठ हलवत:
मुबारक, मोठा मनबहादुर, दुसरा...
मीही दारातच होतो, ओळीच्या शेवटी.
बोट माझ्यापाशी आलं,
थांबलं,
आणि मला वगळून
परत पहिल्यावर गेलं.